‘उष्माघात प्रथिने’ हा शब्द आणि दुपारच्या उन्हात उभे राहण्याचा सल्ला

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत उन्हामुळे शरीर कणखर होते अशा आशयाचा एक लेख प्रसिद्ध झाला आहे. त्यात तीन विधाने एकामागून एक येतात. उन्हाचा चटका बसला की पेशी ‘उष्माघात प्रथिने’ तयार करतात, ही प्रथिने पेशीचे रक्षण करतात, आणि म्हणून खानदेशातल्या माणसाने उन्हाला न भिता रोज दुपारी अर्धा तास उन्हात उभे राहावे. पहिली दोन विधाने ढोबळमानाने बरोबर आहेत. तिसरे त्यांच्यातून निघत नाही, आणि ज्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो तेथे ते छापणे मला धोक्याचे वाटते. त्याच पानाच्या तळाशी हीच प्रथिने वाढवून देणाऱ्या एका भुकटीची जाहिरातही होती. चौतीस वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले असल्याने हे वाचून स्वस्थ बसवले नाही. पत्र लांबले आहे, याची जाणीव आहे. काटछाट करायची झाल्यास माझ्या आठवणी कापाव्यात, मुद्दे ठेवावेत.

घोटाळ्याची सुरुवात भाषांतरात आहे. ‘हीट शॉक प्रोटीन’ (एचएसपी) या मूळ इंग्रजी नावाचा अर्थ पेशीला अचानक बसलेला उष्णतेचा हिसका एवढाच आहे, पण आपण त्याला ‘उष्माघात’ हा शब्द लावला, आणि आपल्याकडे उष्माघात म्हणजे ऊन लागून माणूस कोसळणे. साहजिकच वाचकाला वाटते की ही उष्माघातापासून वाचवणारी प्रथिने असावीत, आणि ती जितकी जास्त तितके बरे. प्रत्यक्षात उष्माघात हा सबंध शरीराची तापमान सांभाळण्याची व्यवस्था कोलमडण्याचा आजार आहे. घाम, पाणी, मीठ, रक्ताभिसरण हे सगळे त्यात येते. ही प्रथिने मात्र एकेका पेशीच्या आतला मामला आहे. या पत्रापुरते मी त्यांना ताण-प्रथिने म्हणतो, कारण उष्णता हे त्यांच्या वाढीचे केवळ एक निमित्त आहे, आणि माझा सगळा आक्षेप याच गोष्टीभोवती आहे.

या प्रथिनांचा शोध ज्या प्राण्यामुळे लागला तो आपल्या ओळखीचा आहे. पिकल्या केळीच्या घडाभोवती जी बारीक चिलटे घोंघावतात, त्यांच्याच जातकुळीतली ड्रोसोफिला ही माशी. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इटलीत फेरुचिओ रितोसा हे शास्त्रज्ञ या माशीच्या अळीच्या लाळग्रंथींतील गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असत. प्रयोगशाळेतल्या कोणीतरी उबवणीपेटीचे तापमान नकळत वाढवून ठेवले, आणि रितोसांना गुणसूत्रांवर एरवी न दिसणारे फुगवटे ठरावीक जागी उमटलेले दिसले. फुगवटा म्हणजे त्या जागेच्या जनुकाचे काम जोरात चालू असल्याची खूण. इथवरची हकीकत पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते आणि आपल्या लेखातही ती आली आहे. पण रितोसांनी १९६२ साली जे प्रसिद्ध केले त्याचा दुसरा अर्धा भाग लेखात गळाला, आणि नेमका तोच महत्त्वाचा आहे. तापमान अजिबात न वाढवता त्यांनी त्या ग्रंथींना डायनायट्रोफिनॉल नावाचे रसायन दिले, तरीही तेच फुगवटे त्याच जागी उमटले. ॲस्पिरिनच्या नात्यातल्या सोडियम सॅलिसिलेटनेही तेच घडवले. या फुगवट्यांतून कोणती प्रथिने तयार होतात हे त्यानंतर बारा वर्षांनी, १९७४ मध्ये, तिसिएर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. म्हणजे या प्रथिनांच्या नावात उष्णता बसण्याच्या आधीच, उष्णतेवाचूनही ती जनुके जागी होतात हे कागदावर आलेले होते.

डायनायट्रोफिनॉल करते काय? पेशीतील मायटोकाँड्रिया, म्हणजे तिची ऊर्जाकेंद्रे, अन्नातील ऊर्जेच्या जोरावर एका पडद्याच्या अलीकडे हायड्रोजनचे आयन साठवतात आणि ते ठरलेल्या दारातून परत सोडताना एटीपी, म्हणजे पेशीच्या कामांना ऊर्जा पुरवणारा रेणू, तयार करून घेतात, जसे धरणातले पाणी जनित्रावरून सोडून वीज काढावी तसे. हे रसायन त्या पडद्यातून आयनांची चोरवाट काढते. पाणी वाहून जाते, पण जनित्र फिरत नाही. अन्न जळत राहते, त्याची निव्वळ उष्णता होते, आणि पेशीची एटीपीची शिल्लक घसरते. (१९३०च्या दशकात अमेरिकेत वजन उतरवण्यासाठी हे रसायन लोकांनी खाल्ले, काही अंगातला ताप चढत जाऊन दगावले, आणि १९३८ मध्ये ते माणसाच्या सेवनास अयोग्य ठरवण्यात आले. पेशीला मुद्दाम ताण देऊन तब्येत सुधारण्याचा उत्साह काही आजचा नाही.)

आता पेशीला हा ताण कळतो कसा, ते सांगतो. ताण-प्रथिनांपैकी जी सर्वांत परिचित आहेत, उदाहरणार्थ एचएसपी-७० आणि एचएसपी-९०, त्यांचे काम आपल्या लग्नातल्या करवलीसारखे आहे. नवीन तयार होणारे प्रथिन एखाद्या लांब दोऱ्यासारखे असते आणि योग्य घडी पडल्याशिवाय ते कामाचे नसते. घडी पडेपर्यंत ते भलत्याच प्रथिनांना चिकटू नये म्हणून करवली त्याच्यासोबत राहते. एरवी याच करवल्या एचएसएफ-१ नावाच्या एका प्रथिनालाही धरून ठेवतात. पेशीत बिघडलेल्या घडीची प्रथिने वाढली की करवल्या तिकडे धावतात, एचएसएफ-१ मोकळे होते, तीन-तीनच्या जुड्या करून केंद्रकात जाते आणि आणखी करवल्या तयार करणारी जनुके चालू करते. पुरेशा करवल्या झाल्या की त्या पुन्हा त्याला धरून बसतात. उष्णतेचा एचएसएफ-१ वर थेट परिणाम होतच नाही असे मी म्हणत नाही, पण मुख्य हिशेब बिघडलेल्या प्रथिनांचा आहे, आणि प्रथिनांची घडी बिघडायला ऊनच लागते असे नाही. एचएसपी-७० ला कामाच्या प्रत्येक फेरीला एटीपी खर्चावे लागते. त्यामुळे एटीपी कमी पडले की करवल्या संख्येने तितक्याच असूनही त्यांचे हात अपुरे पडतात.

येथेच आपल्या लेखातून पूर्णपणे सुटलेला विषय येतो. साखर, अमिनो आम्ले, एटीपी, सक्सिनेट, फ्युमरेट असे चयापचयाच्या ओघात तयार होणारे आणि खर्ची पडणारे जे लहान लहान रेणू आहेत, ज्यांना मेटाबोलाइट म्हणतात, ते केवळ पेशीचा दाणागोटा नाहीत. कोणते ताण-प्रथिन किती प्रमाणात असावे याच्या सूचनाही त्यांच्याच कमीजास्त होण्यातून मिळतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण कोंबडीच्या गर्भातील पेशींचे आहे. एका विषाणूमुळे या पेशी कर्करोगी होतात, आणि अशा पेशींत दोन विशिष्ट प्रथिने वाढलेली आढळत. सरळ निष्कर्ष असा की विषाणूने पेशीत जो बिघाड केला त्याचाच हा भाग असावा. १९७७ मध्ये शिऊ, पुइसेगूर आणि पास्तान यांनी मात्र पेशी ज्या द्रवात वाढत होत्या त्या द्रवाकडे पाहिले. कर्करोगी पेशी साखर भराभर खातात, त्यामुळे त्यांच्या भांड्यातले ग्लुकोज आधी संपत होते. ग्लुकोज कमी पडू दिले नाही तेव्हा विषाणू असूनही ती प्रथिने वाढली नाहीत, आणि निरोगी पेशींचे ग्लुकोज तोडले तेव्हा विषाणू नसूनही ती वाढली. विषाणूच्या नावावर टाकलेला गुन्हा भुकेने केलेला होता. यातील एका प्रथिनाला पुढे जीआरपी-७८, म्हणजे ग्लुकोजने नियंत्रित होणारे प्रथिन, असे नाव पडले, आणि तेही एचएसपी-७० च्याच घराण्यातले, करवलीचेच काम करणारे निघाले. साखर संपल्यावर ते का वाढते याचे कारणही समजण्यासारखे आहे. पेशीबाहेर पाठवायच्या अनेक प्रथिनांना साखरेच्या साखळ्या जोडाव्या लागतात. साखरच नसेल तर त्या साखळ्या अपुऱ्या राहतात, घडी चुकते, आणि चुकलेल्या घडीची बातमी केंद्रकापर्यंत जाते. पेशी साखर मोजत नाही. साखरेअभावी जे काम फसले ते तिला दिसते. मी ही हकीकत दरवर्षी वर्गात सांगत असे, कारण भांड्यातला द्रव तपासल्याशिवाय पेशीला दोष देऊ नये हा धडा मुलांना कोणत्याही व्याख्येपेक्षा चांगला लक्षात राहतो.

अमिनो आम्लांचेही असेच आहे. एखादे अमिनो आम्ल कमी पडले की ते वाहून आणणारे आरएनए रिकाम्या हाताने उभे राहतात. जीसीएन-२ नावाचे विकर (एन्झाइम) या रिकाम्या हातांना ओळखते, प्रथिननिर्मितीचा सर्वसाधारण वेग उतरवते, आणि त्याच वेळी एटीएफ-४ या प्रथिनाची निर्मिती मात्र वाढते, जे पुढे टंचाईला तोंड देणारी जनुके चालवते. जिवाणूंत याची वेगळी पण त्याच धाटणीची सोय असल्याचे १९६९ पासून माहीत आहे.

याहून थेट प्रकार असा की काही मेटाबोलाइट प्रथिनाला स्वतः जाऊन भिडतात. प्राणवायू कमी पडल्यावर पेशीत एचआयएफ नावाचे प्रथिन टिकून राहते. एरवी ते तयार होता होताच मोडले जाते. या यंत्रणेच्या उलगड्यासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एचआयएफवर मोडीचा शिक्का मारणाऱ्या विकराला दोन गोष्टी लागतात, प्राणवायू आणि ऑक्सोग्लुटारेट हा एक मेटाबोलाइट. सक्सिनेट साचले की ते त्या विकराची जागा अडवते, शिक्का बसत नाही, आणि प्राणवायू भरपूर असतानाही पेशी गुदमरल्यासारखी वागू लागते. सक्सिनेट पुढे सरकवणाऱ्या विकरात आनुवंशिक दोष असलेल्या कुटुंबांत काही विशिष्ट गाठी का होतात, त्याचा एक धागा येथे सापडतो. दुसरे उदाहरण केईएपी-१ आणि एनआरएफ-२ या प्रथिनांच्या जोडीचे. पहिले दुसऱ्याला मोडीत काढत राहते. फ्युमरेट किंवा इटाकोनेट हे रेणू पहिल्याला चिकटले की दुसरे सुटते आणि पेशीला ऑक्सिडीकरणाच्या हानीपासून वाचवणाऱ्या, म्हणजे गंज-प्रतिबंधक, प्रथिनांची पातळी वाढते. इटाकोनेट हे आपल्याच संरक्षक पेशी जंतुसंसर्गाच्या वेळी तयार करतात, आणि त्याचा हा गुण २०१८ मध्ये स्पष्ट झाला. कोबीवर्गीय भाज्या चावताना तयार होणारे सल्फोराफेन हेही केईएपी-१ च्या याच कुलुपाला किल्लीसारखे लागते.

‘मग भुकटीने हे कुलूप उघडले तर बिघडले कुठे?’ असे जाहिरातदार विचारील. बिघडते ते असे. काही फुफ्फुसाच्या कर्करोगांत केईएपी-१ मध्येच बिघाड झालेला असतो, एनआरएफ-२ कायमचे मोकाट सुटते, आणि ती गंज-प्रतिबंधक प्रथिने मग निरोगी पेशीचे नव्हे तर गाठीचे संरक्षण करतात. सुसान लिंडक्विस्ट या शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेने २००७ मध्ये दाखवले की ज्या उंदरांत एचएसएफ-१ नाही त्यांच्यात गाठी होण्याचे प्रमाण कमी राहते. करवली ही करवली असते. नवरी कोण आहे ते ती पाहत नाही. याच कुलुपाशी संबंधित डायमिथिल फ्युमरेट हे औषध मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारासाठी अमेरिकेत २०१३ पासून मान्य आहे, पण ते घेणाऱ्याचे रक्त ठरावीक काळाने तपासावे लागते, कारण रक्तातील लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात. ज्या भुकटीच्या डब्यावर घटकांची मात्रासुद्धा छापलेली नाही, तिच्याविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे माझ्यापाशी काही नाही.

लेखाच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. सौम्य ताण आधी मिळाला तर पुढचा तीव्र ताण सोसतो, हे खरे आहे, आणि मी ते स्वतःच्या हाताने पाहिले आहे. सोयाबीनच्या कोवळ्या रोपांना पंचेचाळीस अंशांत दोन तास ठेवले तर ती मरतात, पण आधी दोन तास चाळीस अंशांत ठेवून मग पंचेचाळीसात नेली तर जगतात, हे १९८०च्या दशकाच्या आरंभीच दाखवले गेले होते. तोच प्रयोग आम्ही पदवीच्या शेवटच्या वर्षाला मुगावर करत असू. मूग भिजवायचे, ओल्या फडक्यात मोड आणायचे, दोन दिवसांच्या मोडांच्या दोन परीक्षानळ्या करायच्या, एक आधी कोमट पाण्यात, दुसरी नाही, आणि मग दोन्ही गरम पाण्यात. मुगाला नेमके किती अंश पुरतात हे आम्ही दोन-तीन हप्ते चुकत चुकत ठरवले. दुसऱ्या दिवशी पहिल्या नळीतल्या मोडांचे टोक पुढे सरकलेले असे आणि दुसऱ्या नळीतले पिवळट, लिबलिबीत होऊन पडलेले असत.

एका वर्षी मात्र मध्ये सुट्ट्या आल्या आणि मोड सहा दिवस कपाटाच्या अंधारात राहिले. लांबलचक, पांढरे, डाळिंब्या सुरकुतून रिकाम्या पिशव्यांसारख्या झालेल्या. टाकून देण्याऐवजी मुलांनी त्यांच्यावरच प्रयोग केला. कोमट पाण्याची पूर्वतयारी दिलेले आणि न दिलेले, दोन्ही सारखेच मेले. एका फसलेल्या तुकडीवरून सिद्धांत मांडायचा नसतो, आणि वय व अंधार यांचाही त्यात वाटा असणार. पण त्या दिवशी एका विद्यार्थिनीने वहीत ‘तयारी करायला शिदोरी लागते’ असे लिहिले होते, आणि मी त्याला पूर्ण गुण दिले. करवल्या तयार करायला अमिनो आम्ले लागतात, त्यांना कामाला लावायला एटीपी लागते. आधीच रिकाम्या झालेल्या पेशीला सौम्य ताण असा काही उरतच नाही.

आता केळीकडे वळतो, कारण हीच चूक सध्या आपल्या शेतांत पैशांच्या रूपाने केली जात आहे. रावेर-यावलच्या पट्ट्यात मार्च उजाडला की ताण-प्रतिकारक म्हणून प्रोलीन (हेही एक अमिनो आम्लच) आणि इतर अमिनो आम्ले यांच्या बाटल्या दुकानांत येतात. यामागचा तर्क असा की पाण्याचा ताण पडल्यावर वनस्पती स्वतःच प्रोलीन साठवते, तेव्हा आपण वरून दिले तर तिचे काम सोपे होईल. तर्क ऐकायला गोड आहे. परंतु २००४ मध्ये रॉन मिटलर आणि सहकाऱ्यांनी अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लहान रोपावर पाहिले की नुसत्या पाण्याच्या ताणात ते प्रोलीन साठवते, मात्र पाण्याचा ताण आणि उष्णता एकत्र आली की प्रोलीनऐवजी सुक्रोजसारख्या साखरा साठवते. आणि उष्णतेच्या ताणात वरून दिलेले प्रोलीन त्या रोपांना अपायकारक ठरले. अरॅबिडॉप्सिस म्हणजे केळी नव्हे, हे मला कळते. पण खानदेशातल्या मे महिन्यात केळीला मिळतो तो ताण हाच, दोन्हींचा मिळून, आणि एकट्या दुष्काळासाठी काढलेला निष्कर्ष येथे जसाच्या तसा लावता येत नाही, एवढे तरी बाटली विकणाऱ्याने सांगायला हवे.

माझ्या पुतण्याने गेल्या वर्षी एप्रिलमध्ये अशी बाटली आणली. निसवणीला आलेली, म्हणजे घड बाहेर पडू लागलेली, मृगात लावलेली केळीची बाग होती. दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे त्याने फवारा मारला, तोही सकाळी अकरा वाजता. चार दिवसांनी पाने कडेने कागदासारखी वाजू लागली. फवाऱ्याने झाले, की अकराच्या उन्हाने, की त्या आठवड्यातल्या गरम वाऱ्याने, हे सांगायला बाजूला बिनफवाऱ्याची एक ओळ ठेवायला हवी होती, ती त्याने ठेवली नव्हती. मी हे दुकानदाराच्या माथी मारत नाही. बांधावर शेवरी आणि गजराज गवत दाट असलेली शेजारची बाग, जिला ठिबकने रात्री पाणी दिले जात होते, ती मात्र हिरवी होती. यात जादू नाही. मुळाशी ओल असेल आणि गरम वारा अडला असेल तर पानाची छिद्रे अधिक वेळ उघडी राहतात, बाष्पाबरोबर पान थंड होते, कार्बन डायऑक्साइड आत येत राहतो, साखर तयार होत राहते, आणि त्या साखरेच्या जोरावर पेशी आपली ताण-प्रथिने हव्या त्या वेळी, हवी तेवढी, स्वतःच करते. आपल्या आजोबांनी शेवरी लावली तेव्हा त्यांना एचएसपी-७० ठाऊक नव्हते आणि त्यांचे काही अडलेही नाही.

माणसांविषयी लिहिताना मी अधिक जपून लिहितो, कारण मी डॉक्टर नाही. प्रयोगशाळेत मानवी पेशींत हा प्रतिसाद ठळकपणे उठवायचा तर त्यांना बहुधा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर ठेवतात. जिवंत माणसाच्या शरीराच्या आतले तापमान चाळीसच्या वर गेले आणि तो बरळू लागला की त्यालाच डॉक्टर उष्माघात म्हणतात. तेव्हा भांड्यातल्या पेशीला दिलेली मात्रा अंगणात उभ्या माणसाला सुचवणे ही गफलत आहे. उन्हाची सवय होते, हेही खरे. ती आठवडा ते दोन आठवड्यांत, कामाचे तास हळूहळू वाढवत, पाणी आणि विश्रांतीसह होते, आणि तिचा मोठा भाग घाम व रक्ताभिसरण यांच्या जुळवणीचा आहे. त्यात पेशींतील ताण-प्रथिनांचाही काही वाटा आहे, पण तो पोटभर जेवलेल्या, पाणी प्यायलेल्या शरीरात.

गेल्या आठवड्यात केळी कापणीला आलेल्या मजुरांत अमळनेरकडची एक बाई होती. पहाटे पाचला निघताना केवळ काळा चहा घेतलेला, बाराच्या सुमारास ती घड वाहतानाच मटकन खाली बसली. सावलीत आणून, पाणी, मीठ-साखर, ओले फडके असे झाल्यावर ती सावरली, आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली, ‘जवय पोटमा काही नही ऱ्हास, तवय ऊन जास्ती लागस.’ तिचे कोसळणे हे पेशीतल्या प्रथिनांमुळे होते असा दावा मी करणार नाही. पाणी आणि मीठ हीच तेथे पहिली गोष्ट. पण उन्हाचा परिणाम उन्हाच्या अंशांवर जितका, तितकाच आतल्या शिलकीवर ठरतो, हे तिने त्या लेखापेक्षा नेमके सांगितले. ज्याने रोज दुपारी उन्हात उभे राहावे असे आपण छापले, तो वाचक सकाळी काय खाऊन निघाला, याचा लेखात एका ओळीनेही विचार नाही.

याच ओघात एक सूचना. वर सॅलिसिलेटचा उल्लेख आला आहे, त्यावरून कोणी ॲस्पिरिनचा उन्हाशी संबंध जोडू नये. साध्या तापात मेंदू शरीराच्या तापमानाची पातळीच वर ठरवतो, उष्माघातात अंग तापते ते तसे नव्हे, म्हणून ताप उतरवण्याच्या गोळ्यांचा तेथे उपयोग होत नाही, उलट अपाय होऊ शकतो. ऊन लागले की दुकानातून गोळी आणून देण्याची पद्धत आपल्याकडे गावोगाव आहे. अशा माणसाला सावलीत आणावे, अंग ओले करून वारा घालावा आणि विलंब न करता दवाखान्यात न्यावे. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नये.

आपणांस माझी विनंती तीन गोष्टींची आहे. ‘उष्माघात प्रथिने’ हा शब्द आपल्या दैनिकापुरता तरी बंद करून ‘ताण-प्रथिने’ किंवा दुसरा कोणताही निःसंदिग्ध शब्द घ्यावा. आरोग्याचा लेख आणि त्याच विषयाची जाहिरात एका पानावर ठेवू नये. आणि खुलासा छापताना रोज दुपारी अर्धा तास उन्हात उभे राहण्याचे वाक्य आधी मागे घ्यावे. बाकीचा शास्त्रीय खुलासा पुढच्या रविवारी आला तरी चालेल, पण ते वाक्य उद्याच्याच अंकात मागे घेतले जावे, कारण मे महिन्याचे अजून सोळा दिवस जायचे आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त प्राध्यापक, वनस्पतिशास्त्र
जिल्हा जळगाव